मोशे राबेनूंच्या मृत्यूची आठ वचने कोणी लिहिली?

सिम्हाथ तोराच्या दिवशी हातान तोराचा मान मिळालेले गृहस्थ तेबावर जातात आणि दवारीमचा शेवट वाचला जातो. मोशे राबेनू वारतात, इस्राएल लोक तीस दिवस शोक करतात, आणि त्यांची कबर कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही असे तेथे लिहिलेले आहे. लगेच दुसरा सेफेर उघडून बेरेशीथ सुरू होते. गाणी होतात, मुलांना मिठाई मिळते, आणि त्या शेवटच्या आठ वचनांकडे कोणाचे फारसे लक्ष राहत नाही. पण तोरा मोशे राबेनूंनी लिहिली असे आपण मानतो, तर त्यांच्याच मरणाची हकिकत त्यात कोणी लिहिली?

हा प्रश्न आज आमच्यापुढे येण्याचे कारण आपल्या घरातच आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शुक्रवारी किद्दुशनंतर दोन नातवंडे समोरासमोर बसलेली असतात. एक येशिवात शिकते. त्याच्या मते तोराचे प्रत्येक अक्षर सीनाय पर्वतावरून जसेच्या तसे आले. दुसरे युनिव्हर्सिटीत जाते. तेथे तोरा निरनिराळ्या काळच्या चार लेखकांच्या लिखाणातून जुळवलेली आहे असे शिकवतात. वाद वाढतो आणि दोघेही आपल्याकडे पाहतात. आपण म्हणतो, "आधी जेवून घ्या." पण उत्तर द्यायचे राहूनच जाते.

प्रथम आपल्या ज्ञानी लोकांनी काय केले ते पाहू. तालमूदच्या बावा बात्रा भागात याच आठ वचनांची चर्चा आहे. रब्बी येहुदा, आणि काहींच्या मते रब्बी नेहेम्या, म्हणतात की ही वचने येहोशुआने लिहिली, कारण मेलेला माणूस आपल्या मृत्यूची नोंद कशी करील? रब्बी शिमोन यांना हे पटत नाही. तोरात एक अक्षर कमी असताना मोशे राबेनू तिला पूर्ण ग्रंथ म्हणून लेवींच्या हाती कसे देतील? म्हणून त्यांचे मत असे की परमेश्वराने सांगितले आणि मोशे राबेनूंनी ही वचनेदेखील लिहिली, पण रडत रडत.

दोन्ही मते आम्ही तपासून पाहिली. रब्बी येहुदांचे मत सरळ आहे. वाचणाऱ्याला जे दिसते ते ते नाकारत नाहीत. मात्र एकदा दार उघडले की ते आठ वचनांपाशीच कसे थांबणार? 12व्या शतकात स्पेनमधील इब्न एझ्रा यांनी हा अख्खा अध्याय, म्हणजे बाराही वचने, येहोशुआची मानली. डोंगरावर चढून गेलेल्या माणसाने खाली येऊन काही लिहिलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद. आणखी काही जागांबद्दल ते आडून सुचवतात. ते जे झाकून बोलले ते स्पिनोझाने 1670 साली उघड छापले.

रब्बी शिमोनांच्या मतात तोरा अखंड राहते, हे त्याचे बळ. त्यासाठी चमत्कार मानावा लागतो, ही त्याची अडचण. पण त्यांनी घातलेला अश्रूंचा उल्लेख आम्हाला फार मोलाचा वाटतो. सर्व काही देवाने सांगितले असे म्हणणाऱ्या कडक मतातही लिहिणारा हात माणसाचा आहे, आणि लिहिताना तो माणूस रडतो आहे. देवाचा शब्द कागदावर येताना माणूस मध्ये असतोच, हे रब्बी शिमोनही मान्य करतात. आणि गंमत अशी की तालमूदने दोन्ही मते ठेवली, कोणालाही पाखंडी ठरवून बाहेर काढले नाही.

आता नातवंडांकडे वळू. येशिवातल्या नातवाला आम्ही सांगू की अक्षरांबद्दल एवढी खात्री आपल्या ज्ञानी लोकांनाही नव्हती. शब्दांत वाव किंवा योद कोठे लिहायचा आणि कोठे गाळायचा, यात आपण निष्णात नाही, अशी कबुली तालमूदच्या किद्दुशीन भागात आहे. सेफेर तोरात 3,04,805 अक्षरे मोजतात आणि एक जरी चुकले तरी सेफेर पासूल होतो. तरीही आपल्या शेजारच्या तेमानी सिनेगॉगमधील सेफेर आणि आपला सेफेर यांत सुमारे नऊ अक्षरांचा फरक आहे. म्हणून त्यांचा सेफेर खोटा आहे असे कोणी म्हणत नाही. येरुशलायीमच्या म्युझियममध्ये 1947 साली कुमरानजवळ सापडलेल्या येशायाच्या गुंडाळीबद्दल माहिती घ्यावी. सात मीटरांहून लांब, दोन हजार वर्षांपूर्वीची. तीत ओळींच्या मधल्या जागेत चुका दुरुस्त केलेल्या आहेत. तो हात माणसाचाच.

युनिव्हर्सिटीतल्या नातीलाही सांगायचे आहे. महापुराच्या कथेत एकदा प्रत्येक प्राण्याची एक जोडी, तर एकदा शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या असे येते. असे भेद विद्वानांनी दाखवले ते खरे आहेत, आणि आपल्या जुन्या भाष्यकारांनाही ते ठाऊक होते. पण ज्या चार ग्रंथांतून तोरा जुळवली असे म्हणतात, त्यांपैकी एकही ग्रंथ वेगळा असा आजवर कोठे सापडलेला नाही. कुमरानच्या गुहांतही नाही. तो तर्क आहे, विचारपूर्वक केलेला, पण तर्कच. शिवाय माणसाने लिहिले हे सिद्ध झाले तरी "केवळ माणसाने" हे सिद्ध होत नाही. "केवळ" हा शब्द पुराव्यातून येत नाही, तो आपण पदरचा घालतो.

आम्हाला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ग्रंथ देवाचा म्हणता म्हणता वाचणारा स्वतःलाच देव समजू लागतो. ज्येष्ठ वाचकांना 1962 साल आठवत असेल. मुख्य रब्बिनेटच्या सूचनांनुसार बेने इस्राएल वधूवरांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी होऊ लागली. धर्माचा आधार दाखवला गेला. आपले लोक रस्त्यावर उतरले. 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदी असल्याचा ठराव केला आणि त्या सूचनांची भाषा बदलली. या दोन वर्षांत तोराचे एकही अक्षर बदलले नव्हते. बदलले ते वाचणारे.

आणि आपली स्वतःची गोष्ट? नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले तेव्हा आपल्या पूर्वजांचे सारे ग्रंथ समुद्रात गेले, असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. हातात एकही सेफेर नव्हता. तरी शेमा राहिला, शब्बाथ राहिला, आठव्या दिवसाची सुंता राहिली. कोकणात तेल गाळणाऱ्या आपल्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद असे. तो शब्द नुसता माणसांचा असता तर एवढी वर्षे पुस्तकावाचून तगला असता का? आम्हाला तसे वाटत नाही. आणि माणसांनी तो जिवापाड जपला नसता, तरीही तो आपल्यापर्यंत आला नसता.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी वाद निघाला तर विषय टाळू नका. आधी जेवून घ्या म्हणा, हरकत नाही, पण जेवणानंतर त्या आठ वचनांची आणि मोशे राबेनूंच्या अश्रूंची गोष्ट दोघांनाही सांगा. वाचकांच्या घरी या विषयावर काय बोलणे झाले ते आम्हाला जरूर कळवावे.