अल्मेरिसाचे पाय, लेकीचा डाग

लेक बारा दिवसांची असताना आम्ही तिचं न्यूबॉर्न शूट केलं होतं. २५ एडिट केलेले फोटो, एक फ्रेम, एक पेनड्राइव्ह असं पॅकेज. परवा तिलाच तो पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये सापडला. लॅपटॉपला लावायला लावला, पाच-सहा फोटो बघितले आणि विचारलं, "हे कोणाचं बाळ आहे?"

पाच वर्षांच्या मुलीला स्वतःचं तान्हं रूप ओळखू येणार नाही, हे कबूल. पण क्षणभर मीही अडखळले. टोपलीत झोपलेलं, डोक्यावर फुलांचा बँड, दुधासारखी एकसारखी त्वचा. असं बाळ मी इन्स्टाग्रामवर शेकडो वेळा पाहिलंय.

जन्मली तेव्हा तिच्या दोन भुवयांमध्ये लालसर डाग होता. बऱ्याच बाळांना असतो, हळूहळू फिका होत जातो. तिची आजी म्हणायची, देवाने बोट टेकवून पाठवलंय. पेनड्राइव्हमधल्या एकाही फोटोत तो डाग नाही. एडिटिंगमध्ये गेला. तीट तर शूटआधीच पुसायला सांगितली होती.

माझा हातही गेला. हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बाळ स्वतःचं डोकं पेलून बसलंय, असा एक फोटो असतो. त्याला फ्रॉगी पोझ म्हणतात. बारा दिवसांचं बाळ डोकं पेलत नाही. एका फोटोत कुणीतरी डोकं धरतं, दुसऱ्यात मनगटं, मग दोन्ही जोडून धरणारे हात पुसतात. सुरक्षितपणे करायचं तर असंच करावं लागतं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. एकोणिसाव्या शतकात एक्स्पोजरला वेळ लागायचा, म्हणून कापडाखाली लपून बाळाला धरून बसलेल्या आया जुन्या फोटोंत दिसतात. तिथे निदान कापडाचा उंचवटा तरी उरतो.

हे सगळं मनात असताना मी रीनेके डाइक्स्ट्रा या डच छायाचित्रकर्तीची 'अल्मेरिसा' ही मालिका पुन्हा बघितली. १९९४च्या मार्चमध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या निर्वासित केंद्रात तिने बोस्नियातून आलेल्या एका लहान मुलीचा फोटो काढला. मुलगी ठेवणीतले कपडे घालून खुर्चीवर बसली आहे. पाय जमिनीला टेकत नाहीत. पुढे २००८पर्यंत, वर्ष-दोन वर्षांनी, डाइक्स्ट्रा तिच्याकडे परत जात राहिली. घर बदलतं, खुर्ची बदलते, केसांचा रंग बदलतो. बसणं मात्र तसंच, कॅमेऱ्याकडे थेट बघत. मध्येच कुठेतरी पाय जमिनीला टेकलेले असतात. शेवटच्या फोटोत तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं बाळ आहे.

ही सगळी मालिका मी त्या पायांसाठी बघते. आपल्याकडच्या मासिक शूटमध्ये बाळाशेजारी '३ महिने', '४ महिने' असे ठोकळे ठेवतात, तरी फारसं काही मोजलं जात नाही, कारण दर वेळी देखावाच नवा: एकदा चंद्र, एकदा आंबे, एकदा बाळकृष्ण. बदल दिसायला काहीतरी तसंच राहावं लागतं. डाइक्स्ट्राने बसणं तसंच ठेवलं, म्हणून मूल हललं. आणि ती परत गेली. एका दुपारच्या पॅकेजमध्ये हे बसणार कसं?

अर्थात, डाइक्स्ट्रा अल्मेरिसाची आई नाही. त्या फोटोंत एक थंडपणा आहे. मुलीला भूक लागली होती का, ती घरी कोणत्या भाषेत भांडायची, काहीच कळत नाही. माझ्या मुलीचे असे फोटो मी दिवाणखान्यात लावले असते का? बहुतेक नाही. सॅली मॅनने १९९२च्या 'इमिजिएट फॅमिली'त स्वतःच्या तीन मुलांचे फोटो छापले, आणि २०१५च्या 'होल्ड स्टिल' या आत्मकथनात तीच म्हणते की फोटो आठवणीची जागाच घेऊन बसतात. पटतं. पण जागा घ्यायचीच असेल, तर ती डाग असलेल्या बाळाने घ्यावी.

स्टुडिओवाल्यावर सगळं ढकलणं सोपं आहे. टाके ओले होते, झोप नव्हती, छातीत दूध दाटलेलं. घरात कुणीतरी सुंदर काहीतरी बघितलं पाहिजे, असं मला वाटत होतं आणि त्याचेच मी पैसे मोजले. एडिट केलेले फोटो आले तेव्हा डाग नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. उलट मी लिहिलं होतं, "किती गोड आलेत!"

फोनमध्ये शोधलं. एका रात्रीचा, पिवळ्या बल्बखालचा हललेला फोटो मिळाला. ती रडते आहे, आणि रडताना तो डाग गडद व्हायचा. अर्ध्या फ्रेममध्ये माझी कोपराची घडी. लेकीला दाखवला. तिने झूम करून स्वतःच्या कपाळाला बोट लावून पाहिलं.

मग मी स्टुडिओत फोन केला. मूळ, एडिट न केलेले फोटो मिळतील का विचारलं. तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "ताई, रॉ फाइल्स आम्ही वर्षभरच ठेवतो." आणि पाचव्या वाढदिवसाच्या शूटवर जुन्या ग्राहकांना सूट आहे, हेही सांगितलं.