ऑक्सिटोसिन आणि भय : रॉन स्टूप यांच्या संशोधनाचे परीक्षण

ऑक्सिटोसिन हे द्रव्य शरीरशास्त्राला नवे नाही. पीयूषिका ग्रंथीच्या पश्चखंडाचा अर्क मांजरीच्या गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणतो, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखविले. नऊ अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी कशी गुंफलेली आहे याचा उलगडा व्हिन्सेंट डू व्हीन्यो यांनी १९५३ मध्ये केला, ती कृत्रिम रीतीने तयारही केली, आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. प्रसूतिगृहातील परिचारिकेला ते कळा आणणारे औषध म्हणून माहीत असते. म्हशींच्या गोठ्यांतून पान्हा सोडविण्याकरिता त्याचा जो गैरवापर होतो, तोही सर्वश्रुत आहे.

पान्हा हा शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. मराठीत तो दुधालाही लागतो आणि मायेलाही. भाषेने ही सोयरीक फार पूर्वीच जमवून टाकली असल्यामुळे ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हटले, की मराठी वाचकाला ते चटकन पटते. परंतु शब्दांची सोयरीक निराळी आणि कार्यकारणसंबंध निराळा. हा भेद ज्या थोड्या संशोधकांच्या कामातून स्पष्टपणे हाती लागतो, त्यांत स्वित्झर्लंडमधील लोझान येथील रॉन स्टूप यांची गणना करावी लागेल. त्यांच्या कामाचा गाजावाजा मात्र त्या मानाने फारच थोडा झाला.

गाजावाजा झाला तो दुसऱ्याच एका प्रयोगाचा. झुरिक येथे २००५ मध्ये मायकेल कोसफेल्ड, एर्न्स्ट फेर व त्यांचे सहकारी यांनी काही पुरुषांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारून त्यांना पैशांच्या देवघेवीचा एक खेळ खेळावयास लावला. अनोळखी माणसाच्या हाती आपली सर्व रक्कम सोपविणारे फवारा घेतलेल्या २९ जणांत १३ निघाले. निष्क्रिय द्रव घेतलेल्या २९ जणांत ते अवघे ६ होते. एवढ्याशा पायावर विश्वासाचे, नीतीचे, किंबहुना समाजधारणेचे रसायन सापडल्याची भाषा सुरू झाली. त्याच वर्षी पीटर किर्श आदी संशोधकांनी १५ पुरुषांच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन, भयावह चित्रे पाहताना अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भयकेंद्राची जी चाळवाचाळव होते ती फवाऱ्याने मंदावते, असे दाखविले. भय ओसरते म्हणून विश्वास वाढतो, अशी एक सुबक साखळी त्यामुळे तयार झाली. पुढे २०१० मध्ये ग्रेगोर डोम्स यांच्या प्रयोगात स्त्रियांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. भयभीत चेहरे पाहताना त्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया फवाऱ्याने वाढली. या विसंगतीकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही.

स्टूप यांचा पहिला महत्त्वाचा निबंधही २००५ चाच. डॅनिएल ह्यूबर व पिएर व्हेनांत यांच्यासमवेत लिहिलेल्या या निबंधात त्यांनी उंदराच्या अमिग्डालाच्या मध्यवर्ती भागात चेतापेशींचे दोन निरनिराळे गट असल्याचे दाखविले. एक गट ऑक्सिटोसिनने उत्तेजित होतो. दुसरा व्हासोप्रेसिन या त्याच्या सख्ख्या भावाने. दोन्ही द्रव्यांत फरक आहे तो केवळ दोन अमिनो आम्लांचा. ऑक्सिटोसिनने जागा झालेला गट दुसऱ्या गटाला दाबून धरतो, आणि भयाचा हुकूम बाहेर सुटतो तो या दुसऱ्या गटाकडून. म्हणजे ऑक्सिटोसिन येथे भयाला विझवीत नाही. ते दारावर एक पहारेकरी बसविते.

या पहारेकऱ्याचे काम किती निवडक आहे, ते २०११ मधील निबंधात उघड झाले. विजेच्या सौम्य धक्क्याशी निगडित झालेला संकेत मिळताच उंदीर जागच्या जागी थिजतो आणि त्याच्या हृदयाच्या गतीतही बदल होतो. या दोन्ही गोष्टी एकाच भयाची दोन लक्षणे म्हणून आजवर एकत्र मोजल्या जात. अमिग्डालाच्या मध्यवर्ती भागात ऑक्सिटोसिन सोडल्यावर थिजणे कमी झाले. हृदयाची प्रतिक्रिया मात्र जशीच्या तशी राहिली. थिजण्याचा हुकूम नेणाऱ्या पेशी आणि हृदयाकडे संदेश नेणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत, आणि ऑक्सिटोसिनचा पहारा केवळ पहिल्यांवर बसतो, असे त्याचे कारण सांगण्यात आले आहे. काटेकोरपणाच्या दृष्टीने हा प्रयोग आदर्शवत मानावा लागेल.

तथापि खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. उंदराचे काळीज धडधडतच असेल आणि केवळ हातपाय मोकळे झाले असतील, तर ‘भय कमी झाले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? निबंधाच्या शीर्षकात भयाच्या प्रतिक्रिया असा जपून शब्दप्रयोग आहे. पुढील लिखाणात, विशेषतः इतरांनी दिलेल्या हवाल्यांत, ही जपणूक सुटली आणि ‘प्रतिक्रिया’ गळून नुसते ‘भय’ उरले. भ्यालेला प्राणी आणि भयाने खिळलेला प्राणी या दोन निराळ्या अवस्था आहेत. स्टूप यांच्या आकड्यांतून ऑक्सिटोसिन दुसऱ्या अवस्थेवर चालते एवढेच निघते, आणि ते पुरेसे महत्त्वाचे आहे. दुसरी उणीव अशी, की प्रयोगातला उंदीर पिंजऱ्यात एकटा आहे. सामाजिक वर्तनाच्या नावाने ज्याचा दाखला दिला जातो, त्या प्रयोगात समाजच नाही.

हायडेलबर्ग येथील व्हालेरी ग्रिनेव्हिच यांच्या सहकार्याने २०१२ मध्ये या कामाने आणखी एक पल्ला गाठला. बाहेरून द्रव्य सोडण्याऐवजी हायपोथॅलॅमसमधील ऑक्सिटोसिनच्या पेशी विषाणूंच्या साहाय्याने प्रकाशसंवेदी करण्यात आल्या. त्या पेशींचे तंतू अग्रमस्तिष्काच्या बहुतेक भागांत पोहोचलेले दिसले. अमिग्डालामधील तंतूंवर निळा प्रकाश पाडताच शरीराचे स्वतःचे ऑक्सिटोसिन तेथल्या तेथे सुटले आणि उंदरांचे थिजणे स्पष्टपणे घटले. या निष्कर्षाने फवाऱ्याच्या प्रयोगांची बाजू सावरण्याऐवजी लंगडीच केली आहे. मेंदू स्वतः हे द्रव्य विशिष्ट तंतूंतून, विशिष्ट ठिकाणी आणि वेळ साधून सोडतो. नाकातला फवारा ठिकाण पाहत नाही आणि वेळही पाहत नाही, आणि त्यातला फारच थोडा अंश मेंदूपर्यंत जातो. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येईल. कॅरोलिन डेक्लर्क यांनी २०२० मध्ये विश्वासाचा तो खेळ ६७७ जणांवर पुन्हा करून पाहिला; फवाऱ्याने विश्वास वाढल्याचे एकंदरीत आढळले नाही. स्वमग्न मुलांवर अमेरिकेत २४ आठवडे चाललेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९० मुलांच्या चाचणीतही सामाजिक वर्तनात लक्षणीय फरक पडला नाही.

ठिकाण बदलले की गुण बदलतो, याचा सर्वांत बोलका पुरावा येलेना रादुलोविच यांच्या २०१३ मधील प्रयोगांतून येतो. बलवान उंदराकडून मार खाऊन हरलेल्या लहान उंदराच्या मेंदूत, पार्श्व पटल नावाच्या भागातील ऑक्सिटोसिनचे ग्राही पुढील भय कमी करण्याऐवजी वाढवितात. येथे समाज आहे, ऑक्सिटोसिन आहे, आणि निष्पत्ती उलट आहे. तेव्हा हे द्रव्य स्नेहाचे की वैराचे, असा प्रश्नच मुळी चुकीचा मांडलेला आहे. सामाजिक प्रसंगाची खूण मेंदूत पक्की करणे हे त्याचे काम असावे, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो.

स्टूप यांच्या प्रयोगातली एकटेपणाची उणीव मात्र लिस्बन येथील मार्ता मोइता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये भरून काढली. एका वासाची धास्ती बसविलेली उंदीर-माता एकटी असताना त्या वासाने थिजे. पिले जवळ असली की थिजत नसे, पिलांना बिलगून राही किंवा धोक्याच्या उगमावरच चालून जाई. अमिग्डालातील ऑक्सिटोसिनचा मार्ग रोखला, की तिचे थिजणे वाढे. पहाऱ्याच्या कल्पनेला येथे प्रथमच प्रयोजन मिळाले. प्रयोग तेवढ्यावर थांबला नाही. आईसमवेत त्या वासाचा अनुभव घेतलेली पिले पुढे एकटी असताना त्याच वासाने थिजू लागली. परंतु ज्यांच्या आईचा ऑक्सिटोसिनचा मार्ग त्या वेळी बंद केलेला होता, ती पिले त्या वासाला भ्यावयास शिकलीच नाहीत.