जादूगाराची चोरी : ‘धूम ३’

पांढुर्णा-सौंसरकडील बाजारात खेळ मांडणारा गारुडी फसवितो खरा. परंतु तो डोळ्यांदेखत फसवितो. कडे करून उभ्या असलेल्या प्रेक्षकांस लबाडी शोधण्याची पूर्ण मुभा असते आणि ती सापडू न देण्यातच त्याची कला. विजय कृष्ण आचार्य यांच्या ‘धूम ३’ (२०१३) या चित्रपटास हा साधा करार उमगलेला नाही. शिकागोतील बँकेने बापाची सर्कस बुडविली, बापाने प्राण दिला, आणि जादूगार झालेला पुत्र तीच बँक लुटू लागला. बीज सकस आहे. पण लूट होते कशी? ते दाखविलेच जात नाही. नोटा उधळल्या जातात, चोर इमारतीच्या भिंतीवरून धावत उतरतो आणि पुढे केवळ मोटारसायकल! (चोरीच्या कथेतून चोरीच लंपास व्हावी, हे नवलच.) उरते जुळ्या भावाचे रहस्य. नोलन यांच्या ‘द प्रेस्टीज’ने (२००६) असेच रहस्य आरंभापासून प्रेक्षकांपुढे ठेवून लपविले होते, येथे ते मध्यंतराशी अंगावर फेकले जाते. आठवड्यातून एकदाच बाहेर पडणारा, अडखळत बोलणारा समर मात्र आमिर खान यांनी जिवंत केला आहे. त्याला स्वतःचे आयुष्य हवे आहे, आणि तेवढ्या प्रसंगांत आपण चित्रपटावर विश्वास ठेवतो.