शेवटाकडून वाचलेली कारकीर्द : 'बीटल्स'चे दोन चित्रपट आणि समूहचरित्राचा प्रश्न

१

रॉक बँडविषयीचे लेखन बहुधा चरित्राच्या अंगाने जाते. सामान्य घरांतील मुले एकत्र येतात, लहानसहान क्लबांत वाजवतात, लोकप्रिय होतात, प्रयोगशील होतात आणि अहंता, पैसा वा व्यसने यांपायी विखुरतात. उदय, उत्कर्ष आणि अस्त हा आकृतिबंध इतका परिचित आहे की तो घटनांमध्येच अंगभूत असावा, असे वाटू लागते. 'कारकीर्द' हे मुळात एक कथनरूप आहे काय, आणि असल्यास समूहाच्या निर्मितीविषयी ते काय झाकून ठेवते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. 'बीटल्स'च्या संदर्भात तो तपासून पाहण्याची दुर्मिळ सोय आहे. तेथे एकाच साधनसामग्रीतून अर्धशतकाच्या अंतराने दोन भिन्न कथने सिद्ध झाली आहेत.

२

जानेवारी १९६९ मध्ये दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग यांनी या चौघांच्या तालमींचे चित्रण केले. प्रथम ट्विकनहॅमच्या स्टुडिओत, नंतर लंडनमधील सॅव्हिल रो येथील त्यांच्याच इमारतीत. ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर ते वाजले. सुमारे ६० तासांचे चित्रण आणि १५० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जमा झाले. त्यातून 'लेट इट बी' हा दीड तासाहूनही लहान चित्रपट मे १९७० मध्ये प्रदर्शित झाला. पॉल मॅकार्टनी बँडपासून दूर झाल्याचे एप्रिलमध्येच जाहीर झाले होते. प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला तो शेवट ठाऊक असताना. त्यामुळे मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन यांच्यातील गिटारवादनाविषयीची चकमक त्याला विघटनाचे चिन्ह वाटली, आणि कंटाळा व शांतता यांनाही तोच अर्थ चिकटला.

त्याच सामग्रीतून पीटर जॅक्सन यांनी 'गेट बॅक' ही जवळपास आठ तासांची तीन भागांची मालिका २०२१ मध्ये सादर केली. तीत थट्टामस्करी आहे, जुन्या गाण्यांची उजळणी आहे, एकत्र काम करण्यातला आनंद आहे. पहिल्या चित्रपटाने खोटे सांगितले आणि दुसऱ्याने खरे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. परंतु एक तपशील आड येतो. हॅरिसन १० जानेवारीला तालीम सोडून निघून गेले होते आणि काही दिवसांनी परतले. ही घटना 'शोकात्म' मानल्या गेलेल्या १९७० च्या चित्रपटात नाही. 'आनंदी' मानल्या गेलेल्या मालिकेत मात्र ती विस्ताराने आहे. तेव्हा शोकात्मता घटनांच्या गंभीरतेतून आलेली नव्हती, हे उघड आहे. ती ज्ञात शेवटाने मागे टाकलेल्या सावलीतून आली होती. इतिहासकार घटनांना शोकात्मिका, सुखात्मिका इत्यादी कथानकरूपे देतो, हे हेडन व्हाइट यांनी 'मेटाहिस्टरी'त (१९७३) मांडलेले प्रतिपादन येथे जवळजवळ प्रयोगशाळेत पाहावे तसे पाहता येते.

अर्थात दुसरे कथनही निरागस नाही. तिच्या निर्मात्यांत मॅकार्टनी व रिंगो स्टार यांच्यासह योको ओनो आणि ऑलिव्हिया हॅरिसन यांची नावे आहेत. म्हणजे ज्यांची स्मृती येथे घडवली जात आहे, तेच पक्ष तिचे भागीदार आहेत. शिवाय गिटार छेडत राहून दडवलेली खासगी संभाषणे यंत्रशिक्षणाच्या तंत्राने वेगळी काढून ऐकवली गेली आहेत. म्हणजे ज्याला आपण मूळ पुरावा म्हणतो, त्याची श्राव्यताही घडवलेली आहे.

३

कालक्रमाचा प्रश्नही असाच आहे. 'लेट इट बी' ही ध्वनिमुद्रिका शेवटी, म्हणजे मे १९७० मध्ये प्रकाशित झाली; परंतु तिचे बहुतांश मुद्रण 'ॲबी रोड'च्या (सप्टेंबर १९६९) बहुतांश मुद्रणाआधीचे आहे. मधल्या काळात फिल स्पेक्टर यांनी तिच्यावर वाद्यवृंदाचे संस्कार केले. २००३ मधील आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. कोणती संहिता अंतिम मानायची, यावर 'अस्ता'चे स्वरूप ठरते. ज्या समूहाने विघटनाच्या उंबरठ्यावर 'ॲबी रोड'सारखी सुघटित रचना केली, त्याच्या बाबतीत कलात्मक ऱ्हास आणि संस्थात्मक ऱ्हास एकच मानता येत नाहीत. चरित्रात्मक समीक्षा नेमकी हीच गल्लत करते.

कर्तृत्वाच्या प्रश्नावर ती अधिकच अपुरी पडते. 'लेनन–मॅकार्टनी' या जोडनावाखाली प्रत्यक्षात एकट्याने रचलेली गाणीही येतात. 'यस्टर्डे'च्या (१९६५) मुद्रणात मॅकार्टनी यांच्याखेरीज बँडमधील कोणीही नाही. उलट मालिकेत 'गेट बॅक' हे गाणे मॅकार्टनी यांच्या नुसत्या छेडण्यातून आकार घेते, तेव्हा लेनन अद्याप आलेले नाहीत आणि समोर हॅरिसन व स्टार आहेत. श्रेय मात्र पुन्हा त्याच जोडनावाला. मिशेल फुको यांनी ज्याला लेखक-कार्य म्हटले, ते १९६९ च्या फेब्रुवारीतील व्याख्यानात. त्याच्या काही आठवडे आधीच्या या तालमी त्याचे उत्तम उदाहरण ठरावे. नाव येथे निर्मात्याचा निर्देश करत नाही. ते स्वामित्व, वितरण आणि प्रतिष्ठा यांची व्यवस्था लावते.

४

मराठी समीक्षेने या चर्चेकडे परक्या जनसंस्कृतीचा विषय म्हणून पाहण्याचे कारण नाही. पन्नाशीच्या दशकातील 'शब्द' किंवा साठीच्या दशकातील 'असो' ही लघुनियतकालिके समूहाची कृती होती. आपला वाङ्मयेतिहास मात्र त्यांची गोष्ट पुढे प्रतिष्ठित झालेल्या कवींच्या चरित्रातील पूर्वपर्व म्हणून सांगतो आणि ती बंद पडली यावरून चळवळ ओसरली, असे अनुमान काढतो. समूह म्हणून त्यांच्यात काय घडत होते, एकाच्या ओळीवर दुसऱ्याच्या वाचनाचा कोणता परिणाम झाला, हे प्रश्न अशा मांडणीत उद्भवतच नाहीत. त्यांच्या तालमींचे चित्रण कोणी केलेले नाही. म्हणूनच पत्रे, खर्डे, मुद्रणप्रती आणि आठवणी यांचे वाचन शेवट ठाऊक असल्याचा अधिकार बाजूला ठेवून करणे, ही येथे समीक्षकाची अधिक मोठी जबाबदारी ठरते.