छायाचित्रांतील पांखरें
पक्षी ओळखण्यासाठीं छायाचित्रांचीं पुस्तकें आतां विपुल झालीं आहेत. परंतु छायाचित्र म्हणजे एका पक्ष्याचें एका क्षणाचें दर्शन होय. रायगड किनाऱ्यावरील किहीमच्या सुगरणीचेंच उदाहरण घ्यावें. पावसाळ्यांत नराचा माथा पिवळाधमक असतो. हिवाळ्यांत तोच नर चिमणीसारखा मातकट दिसतो. विणीच्या दिवसांतील एकच छायाचित्र देणारें पुस्तक येथें वाचकास फसवितें. सलीम अलींच्या १९४१ च्या ग्रंथांत चित्रकारांचीं रंगीत चित्रें होतीं. चित्रकार अनेक पक्षी पाहून जातीचें लक्षण निवडतो. सुगरणीचा नर एकामागून एक घरटीं बांधून अनेक माद्यांशीं संसार मांडतो, हें मात्र अलींना १९३० मध्यें किहीमला घरट्यांपुढें बसूनच उमगलें. म्हणून ज्या पुस्तकांत नर, मादी व दोन्ही ऋतूंतील रूपें शेजारीं शेजारीं असतील, तेंच सोबतीस घ्यावें, असें आमचें मत आहे.