नीरेकाठचे रोमन नाणे : एक दुरुस्ती

बारा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकातील लेखात मी लिहिले होते, ‘नीरेच्या काठी रोमन सम्राट टायबेरियसचे चांदीचे नाणे मिळाल्याने आपला हा परिसर तगरच्या प्राचीन व्यापारी मार्गावर होता, हे सिद्ध होते.’ पुढे दोन स्थानिक इतिहासांनी ते वाक्य उचलले. एकाने तर ‘नाणी’ असे अनेकवचनही करून टाकले. वाक्य चुकीचे होते आणि ते मागे घेण्यासाठी हा लेख आहे.

नाणे मला शिखर शिंगणापूरच्या चैत्रातल्या यात्रेत, पथारीवर मिळाले. नातेपुत्याहून आम्ही दरवर्षी जातो. विकणारा म्हणाला, नीरेच्या वाळूत सापडले. मी प्राप्तिस्थान म्हणून तेच लिहिले. घरी पुस्तकातील चित्राशी ताडून पाहिले. एका बाजूला पानांची माळ घातलेले मस्तक, दुसऱ्या बाजूला बसलेली स्त्री, तिच्या हाती राजदंड आणि फांदी. भोवती ‘पाँटिफ मॅक्सिम’ ही अक्षरे. या स्त्रीला अभ्यासक बहुधा टायबेरियसची आई लिव्हिया मानतात. लेखात ‘यू’ऐवजी ‘व्ही’ हवा, तोही होता. माझी खात्री पटली.

नवशिक्याची चूक इथेच होते. नाणे कोणाचे हे ओळखणे निराळे आणि ते अस्सल ठरवणे निराळे. चित्राशी ते जितके जुळेल तितकी ओळख पक्की होते. पण नक्कल करणाऱ्यानेही तेच चित्र समोर ठेवलेले असते. त्यात टायबेरियसचे हे नाणे बायबलमधल्या कराच्या प्रसंगाशी जोडले गेले आहे. त्यामुळे त्याच्या प्रतिकृती भाविक आणि पर्यटकांसाठी ढिगाने निघतात. जे नाणे सर्वांत सहज ओळखू येते, त्याच्याकडे सर्वांत संशयाने पाहायला हवे होते.

गावातल्या सराफाच्या काट्यावर ते 2.9 ग्रॅम भरले. त्या काळचा दिनारियस साधारण पावणेचार ग्रॅमचा असतो. झिजेने वजन घटते, परंतु इतके झिजल्यावर सम्राटाचे कान आणि केस शाबूत राहत नाहीत. माझ्या नाण्यावर ते होते. भिंगातून कडेला सबंध परिघावर फिरलेली बारीक रेघ दिसली, पितळी समईच्या ओतकामात साच्याचे दोन भाग जुळतात तशी. गालावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. रोमन नाणे दोन ठशांमध्ये चकती ठेवून हातोड्याने पाडत. ठोक्याने धातू पसरतो, अक्षरांच्या कडा धारदार उठतात. ओतलेल्या नाण्याला ती धार येत नाही.

तरीही मी मनाची समजूत घालत राहिलो. शेवटी पुण्यातल्या एका नाणे-प्रदर्शनात माझ्या नाण्याचा जुळा भाऊ दिसला. हनुवटीखाली तीच खोच, कडेला तोच चपटा भाग. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात. पण हाताने पाडलेल्या दोन नाण्यांना एकच खोच आणि एकच वेडावाकडा काठ येणे शक्य नाही. दोन्ही एकाच साच्यातली होती.

आता तगरविषयी. फ्लीट यांनी 1901 साली तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे दाखवून दिले. ‘पेरिप्लस’ हे ग्रीक प्रवासवर्णन पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर ठेवते आणि तिथला माल गाड्यांवरून भडोचला जात असल्याचे सांगते. पैठण आणि भडोच ही दोन्ही तेरच्या वायव्येला, आणि नीरेचे खोरे तेरच्या पश्चिमेला. माझ्या वाक्यातला ‘मार्ग’ त्या ग्रंथात नाही. तो मी गावाच्या अभिमानापोटी आखला होता. आपल्या स्थानिक इतिहासलेखनाची ही जुनी खोड आहे. रोम आले की गाव मोठे होते, म्हणून एकच नाणे पुरते, आणि ते कोणी, कुठे, कशासोबत पाहिले हे विचारायचे राहून जाते.

पंढरपूर-बार्शीमार्गे तेरला गेलो, तेव्हा लामतुरे संग्रहालयातल्या वस्तूंनी मला खरे वरमायला लावले. तिथल्या मातीत रोमन नाण्याच्या छापाची मातीची पदके मिळाली आहेत. अशी पदके कोंडापूर आणि शिशुपालगडलाही मिळाली. अनेकांना ओवण्यासाठी भोक किंवा कडी असते. तीही नक्कलच. पण ती त्याच काळातल्या इथल्या माणसाने केलेली, गळ्यात घालण्यासाठी. तिला खोटी कोण म्हणेल?

आणखी एक फसगत मी थोडक्यात टाळली. कोणी ‘रोमन’ म्हणून दाखवलेले सव्वादोन ग्रॅमचे चांदीचे नाणे नहपानाचे निघाले. त्यावरही मस्तक आहे आणि भोवती ग्रीक वळणाची अक्षरे, मात्र मजकूर प्राकृत. मागे ब्राह्मी व खरोष्ठी. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 साली अशी तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. क्षत्रपाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर! एका राज्याने दुसऱ्याला हरवल्याचा पुरावा याहून बोलका कुठे मिळणार? पण तो बोलतो, कारण साठा एकत्र मिळाला आणि एकत्र अभ्यासला गेला. तीच नाणी पथारीवर सुटी विकली गेली असती, तर त्यांतले अस्सल नाणेही मुकेच राहिले असते.

म्हणून नव्या संग्राहकाने भिंगाइतकाच कायदाही जवळ ठेवावा. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. ‘वाळूत सापडले’ असे विक्रेता म्हणाला, तेव्हा मी घासाघीस करत होतो.

माझे नाणे आता कागदी पाकिटात आहे. पाकिटावर लिहिले आहे : टायबेरियसच्या दिनारियसची नक्कल, ओतीव, 2.9 ग्रॅम. प्राप्तिस्थान : शिंगणापूरचा बाजार.