सरड्यांचा मलेरिया: १९९२चा पेपर पुन्हा वाचताना

सिनॉप्सिस लिहायला घेतलीय? मग जोसेफ शॉल यांचा 'ईकोलॉजिया'मधला १९९२चा पेपर आधी वाचा.

विषय आहे कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावरचे दोन ॲनोल सरडे. ॲनोलिस गिंजिव्हिनस दांडगा, बेटभर पसरलेला. ॲनोलिस वॉट्सी दुबळा, फक्त मधल्या टेकड्यांत. शॉल यांनी त्यांचं रक्त तपासलं. प्लास्मोडियम अझुरोफिलम हा मलेरियाचा परजीवी दांडग्यात भरपूर, दुबळ्यात क्वचित. (माणसाला होणारा मलेरिया हा नव्हे. हे सांगूनही वैरागला आमची आई बांधावरच्या सरड्यांकडे संशयानेच बघते.) आणि गंमत म्हणजे, जिथे दांडग्याला मलेरिया तिथेच वॉट्सी. मलेरिया नाही, तर वॉट्सीही नाही. म्हणजे दांडगा आजारी पडला आणि दुबळ्याला जागा मिळाली?

मी भुलले. पहिल्या वर्षी प्रस्तावात 'हे सिद्ध झाले आहे' असं ठोकून दिलं. गाइडनी 'सिद्ध'भोवती लाल गोल काढला. परत वाचलं तेव्हा दिसलं की सारांशात शॉल जपून बोलतात, निष्कर्षातून असं 'सूचित होतं' म्हणतात. शीर्षकात मात्र 'परजीवीमुळे बदललेली स्पर्धा' असं थेट विधान आहे. आपण शीर्षकच उचलतो.

आता शंका घ्या. टेकड्यांतली ओल वॉट्सीला मानवत असेल, परजीवी वाहून नेणाऱ्या कीटकांनाही मानवत असेल. मग दोघे एकत्र दिसणारच. आमच्याकडे ओढ्याकाठी डासही जास्त, बेडूकही जास्त. म्हणून डास बेडूक आणतात असं कुणी म्हणत नाही. शॉल यांची भक्कम बाजू अशी की ही जोडी काहीशे मीटरच्या अंतरातही जुळते. हे वजनदार आहे, मान्य. पण सावली आणि ओल शंभर पावलांतही बदलते की! कुंपणात निरोगी आणि आजारी दांडगे वेगवेगळे ठेवून, दोन्हीकडे वॉट्सी सोडून बघायला हवं. पेपर नकाशावर थांबतो.

२०००मध्ये आणखी एक धक्का बसला, तोही शॉल यांच्याच विद्यार्थिनीकडून. सुसान पर्किन्स यांनी डीएनए तपासून दाखवलं की अझुरोफिलम म्हणून ओळखला जाणारा परजीवी एक नाही: तांबड्या पेशींतला वेगळा, पांढऱ्या पेशींतला वेगळा. मग 'मलेरिया आहे' या रकान्यात नेमकं कोण मोजलं गेलं? आणि दांडग्याला दुबळं करतो तो यातला कोणता?

पेपर माझ्या प्रस्तावात अजून आहे. वाक्य मात्र आता असं आहे: 'दोन्ही एकत्र आढळतात, कारण प्रयोगाने तपासलेले नाही.'